बाबांची आंघोळ

लवू यायचा बंद झाला आणि गुणाजीच्या आंघोळीचा प्रश्न उभा राहिला.

लवू हा गुणाजीचा जुना दोस्त. कॉटन ग्रीनच्या गोदामांत दोघांनी जोडीने कापसाच्या गाठी वाहिलेल्या. गुणाजीला लकवा मारला, उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली, तेव्हापासून लवू दिवसाआड पलीकडच्या गल्लीतून परळच्या त्या चाळीत यायचा, खोलीचं दार लोटून घ्यायचा आणि मित्राला मोरीत बसवून घसाघसा चोळायचा. आतून दोघांच्या शिव्या आणि हसणं ऐकू यायचं. तेवढा वेळ अनुजा, गुणाजीची एकुलती एक मुलगी, बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहायची. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली ही पोरगी बापाचं बाकी सगळं करायची. भरवायची, गोळ्या द्यायची, केस विंचरायची. पण आंघोळ आणि कमरेखालचं जे काही, ते लवूचं नाहीतर आईचं. असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी ते ठरलेलं होतं.

मग सगळी मुंबईच बंद झाली. लवूच्या चाळीत कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं, गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले, खुर्ची टाकून पोलीस बसला. लवूने फोन केला, "गुण्याक सांग, दोन-चार दिवसांत येतंय म्हणून." ते दोन-चार दिवस काही संपेनात.

आई, रुपाली, एका मोठ्या हॉस्पिटलात आया होती. सुरुवातीला ती येऊन-जाऊन होती. नंतर तिला कोविडच्या वॉर्डात टाकलं आणि तिथल्या बायकांची राहायची सोय जवळच्या एका शाळेत केली. "मी घरी आले आणि ह्यांना काही झालं तर?" ती फोनवर म्हणाली. चाळीचंही तेच म्हणणं होतं. कमिटीचा प्रफुल्ल दारापासून चार हात लांब उभा राहून सांगून गेला, "वहिनींना म्हणावं, सध्या तिकडेच राहा. पर्सनली घेऊ नकोस हां अनू. सगळ्यांच्याच घरात म्हातारी माणसं आहेत."

अनुजाने मान हलवली.

पहिले काही दिवस तिने ओल्या फडक्याने बापाचं अंग पुसलं. तोंड, मान, हात, पाठ, पाय. लुंगीच्या वर आणि लुंगीच्या खाली. मधलं तसंच राहिलं. उन्हाळा वाढत होता. पत्र्याखालची ती शेवटच्या माळ्यावरची खोली दुपारी तव्यासारखी तापायची. गुणाजीच्या जांघेत लाल चट्टे उठले आणि खोलीत वास राहायला लागला. आईने फोनवर एवढंच विचारलं, "आंघोळ घालतेस ना नीट?"

"हो," अनुजा म्हणाली.

त्या दिवशी तिने दार लोटून घेतलं. पातेल्यात पाणी ऊन केलं. बापाच्या काखेत खांदा घालून त्याला उठवलं. गुणाजी वाळला होता तरी हाडापेराने थोराड माणूस. त्याचा सगळा भार तिच्या मानेवर आला. खाटेपासून मोरीपर्यंतची चार पावलं टाकायला दोघांना केवढा वेळ लागला! त्याला पाटावर टेकवून तिने मान चोळली.

"लुंगी... रवांदे," गुणाजी म्हणाला.

"बाबा, चट्टे आलेत. लवूकाका नाहीयेत."

गुणाजीने मान वळवून समोरच्या भिंतीवर नजर लावली. अनुजानेही नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे, मोरीच्या नळावर ठेवली आणि हातांनी काम केलं. साबण, पाणी, परत साबण. हात कुठे फिरतोय हे कळत होतं, ते कळू न देण्याचा दोघंही प्रयत्न करत होती. एकदा त्याच्या घशातून आवाज आला. दुखलं असेल म्हणून तिने खाली बघितलं, तर तो रडत होता. वाकडं झालेलं तोंड तसंच, आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. तिने तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावरून ओतलं. म्हणजे ते पाणी आणि हे पाणी एकच झालं.

कपडे बदलून त्याला खाटेवर निजवलं, पावडर लावली, आणि ती गॅलरीत येऊन उभी राहिली. समोरच्या चाळीत कुणीतरी कॅरम खेळत होतं. तिला एकदम आपल्या हातांचा वास घ्यावासा वाटला. घेतला. साबणाचाच होता.

मग तो रोजचाच क्रम झाला. पहाटे खालच्या नळाला पाणी यायचं, वर मोरीतल्या नळापर्यंत ते चढायचं नाही. बादल्या घेऊन ती खाली जायची तेव्हा शेजारची कौसल्याकाकी आधीच उभी असायची. गिरण्या चालू होत्या त्या काळात काकीने पन्नास माणसांची खानावळ चालवलेली. अंगात अजून तीच जरब.

"तू मागे उभी रव," काकी म्हणायची. "तुझी आवस त्या वॉर्डात."

"काकी, आई एवढ्यात घरी आलीच नाहीये."

"तरी पण."

ती मागे उभी राहायची. सगळ्यांचं झाल्यावर नळाची धार करंगळीएवढी व्हायची. तेवढ्यावर बादल्या भरून तीन जिने चढायचे. वर आलं की बापाचं भांडं रिकामं करायचं, ते घेऊन गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायचं, आणि जाताना उघड्या दारांतल्या लोकांनी तोंड फिरवलेलं बघायचं. मग चहा, मग पेज, मग गोळ्या, मग कूस बदलणं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने त्याला वळवायचं आणि खोबरेल चोळायचं. दुपारी धुणं. संध्याकाळी पुन्हा तेच.

आईचा फोन यायचा. "जेवले का? गोळी दिलीस? पाठ बघितलीस?"

"हो. दिली. बघितली."

"चल ठेवते, सिस्टर बोलावतायत."

अनुजा फोन कानाला तसाच धरून ठेवायची. त्या आवाजामागे लोकांचं खोकणं ऐकू यायचं. आई दमलेली असते हे तिला कळत होतं, त्यामुळे रागही धड येत नव्हता.

एकदा कॉलेजातली मैत्रीण कीर्ती, तिचा व्हिडिओ कॉल आला. अनुजाने कॅमेरा बंद ठेवला.

"काय करतेस गं दिवसभर? मी जाम बोअर झाले यार. मम्मीने केक करायला घेतलाय तर मैदाच मिळत नाहीये."

"काही नाही. घरीच."

"व्हिडिओ चालू कर ना. किती दिवसांत थोबाड नाही बघितलं तुझं."

पाठीमागे गुणाजीने खाटेच्या दांड्यावर बोटांनी टकटक केली. त्याला भांडं हवं होतं.

"नेट नाही गं नीट. करते नंतर," म्हणून तिने फोन पालथा घातला.

त्या दिवशी धुणं वाळत घालताना तिच्या मनात आलं, आपले हात दिवसभर कुणाच्या तरी अंगावर असतात. आपल्या अंगावर कुणाचा हात पडून किती दिवस झाले? तिला आठवेना. आई ड्युटीला गेली तेव्हा जिन्यात तिने डोक्यावरून हात फिरवला होता का? की पिशव्या होत्या दोन्ही हातांत? ते पण आठवेना.

मे लागला आणि गुणाजीचं लक्षण बिघडलं. आधी खाणं कमी झालं. पेजेची वाटी अर्ध्यावर आली की तो दात आवळायचा. मग ओठ फुटले. जिभेवर पांढरा थर आला. दिवसभर ग्लानीत पडून राहायला लागला. भांड्यात उतरणारी लघवी थोडकी, काळ्या चहासारखी. अनुजा घाबरली. नाक्यावरच्या डॉक्टरने फोनवरच विचारपूस केली.

"पाणी कमी पडतंय. भरपूर पाजा. मीठ-साखर घालून पाजा. नाहीतर मग ऍडमिट करावं लागेल."

ऍडमिट तर नकोच. मागच्याच महिन्यात खालच्या माळ्यावरून एका म्हाताऱ्याला अँब्युलन्समधून नेलं होतं. नंतर त्याच्या घरी फक्त फोन आला. पोराला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

ती हात धुऊन मागे लागली. तासातासाला ग्लास भरायचा. आधी चमच्याने पाजायला बघितलं, तर तो तोंड फिरवायचा. मग म्हणाला, "ठेव थंय. पितंय... माझो मी." तिला बरं वाटलं. डावा हात त्याचा चांगला चालत होता. ती ग्लास खाटेच्या उशाशी स्टुलावर ठेवायची आणि कामाला लागायची. परत येऊन बघावं तर ग्लास रिकामा. "शाब्बास," ती म्हणायची, लहान मुलाला म्हणावं तसं. पण लघवी काही वाढेना आणि ओठ काही भरून येईनात.

फरशी पुसताना तिला कळलं. पोटावर पडून तिने खाटेखाली फडकं सरकवलं, तर वर गादीची भिंतीकडची कड ओली लागली. घामाने ओली म्हणावी तर थबथबलेली. तिने हात घालून चाचपलं. गादी आतपर्यंत ओली, भिंतीचा रंग फुगून पोपडे आलेले, आणि कुबट वास. ती तशीच गुडघ्यांवर उठली. गुणाजी डोळे मिटून पडला होता. पण तो झोपलेला नव्हता.

"बाबा. पाणी ओतता तुम्ही?"

गुणाजीने डोळे उघडले नाहीत.

"बाबा, मी विचारतेय. पाणी भिंतीवर ओतता?"

"माका... नको."

"काय नको?"

बराच वेळ त्याचं तोंड नुसतं हललं. मग शब्द एकेक करून बाहेर आले. "पाणी पिलंय... की लागता. लागला की... तू. चेडू तू माझा... पोर. बापाशीचा... हगमूत..." पुढे त्याला जमलं नाही. डावा हात त्याने तोंडावर घेतला. "पिलंय नाय तर... लागाचा नाय."

अनुजा उभी राहिली. ओलं फडकं तिच्या हातात होतं, त्याचं पाणी तिच्या पायावर गळत होतं.

"म्हणजे मी पहाटे उठून नळावर शेवटची उभी राहते. लोकांची बोलणी खाते. बादल्या वाहून खांदे गेले माझे. आणि तुम्ही ते पाणी भिंतीवर ओतता? लाज तुम्हाला एकट्यालाच आहे? मला नाही? मला आवडतं हे सगळं करायला?" तिचा आवाज चिरकला. "मरायचंच आहे ना? मग मरा ना एकदाचे! तुम्ही पण सुटाल, मी पण सुटेन!"

तिने फडकं जमिनीवर आपटलं आणि दार उघडून बाहेर पडली. गॅलरीत शेजारचा टीव्ही एकदम बारीक झाला. दारांतून माणसं बघत होती. ती कुणाकडे न बघता जिन्यात गेली. खाली जाऊन जाणार कुठे? गेटला कुलूप. दोन माळ्यांच्या मध्ये वळणावर लाकडी पायरीवर ती बसली आणि गुडघ्यांत तोंड घातलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते पण येईना. नुसता श्वास लागला होता.

थोड्या वेळाने वरून पायऱ्या करकरल्या. कौसल्याकाकी. तोंडावर पदर बांधलेला. दोन पायऱ्या सोडून ती वरच बसली.

"पडलो काय तो?"

"नाही."

"मगे?"

"मी त्यांना मरा म्हटलं, काकी."

"ऐकलंय. अख्ख्या माळ्यान ऐकला." काकीने गुडघा चोळला. "माझ्या सासूक मी बरीच वर्सां केलंय. खाटेवर होती. रोज म्हणी होतंय. मनात. तू तोंडान म्हटलंस, इतकोच फरक."

अनुजाने मान वर केली नाही. मग पायरी पुन्हा करकरली आणि अनुजाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक हात येऊन पडला. जड, खरखरीत, थापट्या मारल्यासारखा. हात तिथेच राहिला. तेव्हा कुठे अनुजाला रडू फुटलं. ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली आणि काकी आपला हात न काढता, तोंड दुसरीकडे करून, जिन्याच्या गजांमधून खाली बघत राहिली.

"बस हय," शेवटी ती म्हणाली. "मी बघतंय तेका."

"काकी, नको. तुमचं वय... प्रफुल्लदादा ओरडेल."

"प्रफुल्लाक मी जेवक घातलंय. तो माका ओरडतलो?"

ती वर गेली. अनुजा पायरीवर बसून राहिली. गुणाजीच्या खोलीतून काकीचा आवाज खणखणीत ऐकू येत होता, "लाज वाटता? मगे लाजेन मरतलंस? आणि त्या चेडवान तुका पोचवूचा कसा? खांद्यावर घेऊन?" मग चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज. अनुजाने जिन्याच्या भिंतीला डोकं टेकलं. तिथेच तिला डुलकी लागली.

ती वर आली तेव्हा काकी निघून गेली होती. वाटीतलं पाणी संपलेलं होतं आणि भिंतीवर नवी ओल नव्हती. गुणाजीने तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. तिने खाट भिंतीपासून ओढून घेतली, गादी उलटी केली आणि फरशी पुसून काढली.

दुसऱ्या दिवशी नळावर काकी म्हणाली, "मागे उभी रव."

त्या सकाळी पेज ढवळताना अनुजाने विचार केला. डावा हात चालतो. ग्लासभर पाणी भिंतीवर ओतता येतं, तर तांब्याभर स्वतःच्या अंगावरही ओतता येईल. तिने आईची जुनी साडी काढली, एक टोक नळाच्या पाइपला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला. मोरीपुढे पडदा झाला. आत प्लास्टिकची खुर्ची ठेवली, डाव्या बाजूला स्टुलावर बादली, बादलीत तांब्या, हाताशी येईल असा साबण. बापाला नेऊन बसवलं, पडदा ओढला आणि पाठ करून बाहेर उभी राहिली.

"घ्या. तुमचं तुम्ही करा. पडायला लागलात तर हाक मारा."

आत तांब्या बादलीवर आपटला. पाणी सांडलं, अंगावर कमी, जमिनीवर जास्त. साबण निसटला. गुणाजीने गोदामातली अस्सल शिवी हासडली. लवू यायचा बंद झाल्यापासून तिने ती ऐकली नव्हती. साबण पडद्याखालून बाहेर आला, तिने न बघता पायाने आत सारला. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. ते सगळं पुसावं लागणार होतं. "झाला," आतून आवाज आला. लुंगी त्याने एका हाताने कशीबशी गुंडाळली होती. केसांत साबणाचा फेस तसाच. तिने तेवढा धुतला. डोकं धुवायला कुणाचीच हरकत नव्हती.

संडासचंही तसंच बसवलं. भोक पाडलेली जुनी खुर्ची, खाली बादली, पुढे पडदा. धुवायचं त्याने. बादली तेवढी तिने न्यायची. डाव्याच हाताने सगळं म्हणून जेवणाचा घास मात्र तो तिच्याच हातून घ्यायचा. काही दिवस जमायचं नाही. अंगात ताकद नसायची, उशीर व्हायचा, गादी भरायची. मग तिलाच करावं लागायचं. तो तोंड फिरवायचा, ती नळाकडे बघायची. पण पाणी तो प्यायला लागला. ओठ भरून आले. डॉक्टरने पुन्हा ऍडमिटचं नाव काढलं नाही.

"मरा" म्हटल्याचं मात्र दोघांच्या मध्ये तसंच राहिलं. ती एकदा म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी..." त्याने डावा हात हलवला. रवांदे, असं. ते माफ केल्याचं होतं की विषय नको म्हणून होतं, तिला कळलं नाही.

जुलैत आई आली. टेस्ट निगेटिव्ह, पंधरवड्याची सुट्टी. जिना चढून वर आली तेव्हा अनुजाने तिला आधी ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, नाकावर मास्कच्या पट्टीचा काळा वळ, हातांची सालं निघालेली. गॅलरीतल्या बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. प्रफुल्ल लांबून म्हणाला, "वेलकम वहिनी." आईने कुणाकडे बघितलं नाही. सरळ मोरीकडे गेली आणि पडदा बघून क्षणभर थांबली. "हे काय?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

अनुजाने आईला सांगायच्या गोष्टी मनात साठवून ठेवल्या होत्या. पहिली आंघोळ, भिंतीची ओल, जिना. आपण काय बोललो ते. सगळ्यात आधी काय सांगायचं हेही ठरलेलं होतं. तिने भात केला, सुक्या बांगड्याची चटणी केली, ताट वाढून आईपुढे ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली.

"आई."

"हं."

"मला ना, तुला..."

आईने घास उचलला. तोंडापर्यंत नेला. हात तिथेच थांबला, हळूहळू खाली आला, आणि मान छातीवर पडली. भिंतीला टेकून, पानावर बसल्या बसल्या, आई झोपी गेली. बोटांत घास तसाच.

अनुजा बघत राहिली. मग पुढे सरकून तिने आईच्या बोटांतला घास सोडवला, ओल्या फडक्याने हात पुसला, ताट बाजूला केलं. सतरंजी अंथरली. काखेत हात घालून तिला आडवी केली. हे तिला आता पाठ झालं होतं, वजन कुठे घ्यायचं, मान कशी धरायची. उशी दिली, पंखा तिच्याकडे वळवला. आई जागी झाली नाही. झोपेतच पुटपुटली, "आले, आले सिस्टर."

अनुजा तिथेच खाटेच्या पायाला पाठ टेकून खाली बसली. भांडी पडली होती. बापाला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. उठायला हवं होतं. पाय उचलेनात.

वरून डोक्यावर काहीतरी पडलं. गुणाजीचा डावा हात. तो केसांतून फिरवायला त्याला धड जमत नव्हतं, बोटं कानाशी अडकत होती. तरी तो फिरवत राहिला.

"बाबा, वळायचंय ना तुम्हाला?"

"मगे."

"औषध पण..."

"मगे गो." त्याने श्वास घेतला, शब्द जुळवले. "तू नीज. मी जागो आसंय."

भर दुपार होती. गॅलरीत कुणाचा तरी मुलगा पाढे म्हणत होता. अनुजाने डोकं मागे, खाटेच्या कडेवर टेकलं आणि डोळे मिटले.